म्हणणं कागदावर आहे

गेल्या महिन्यात आजींचं अपील फेटाळलं गेलं. पाणंदीचा दावा होता. शेतात जायची जुनी वाट शेजाऱ्यानं नांगरून टाकली होती आणि त्या वाटेवरून तीन पिढ्या बैलगाडी जात होती हे आम्हाला सिद्ध करायचं होतं. खालच्या कोर्टात हरलो, वरच्या कोर्टातही हरलो. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाच्या पारावर मी त्यांना पुढचं समजावून सांगत होते, दुसरं अपील, मुंबई, खर्च. आजी ऐकत होत्या, पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. मध्येच थांबवून म्हणाल्या, "ताई, म्या साक्षीत सांगितलेलं समदं त्या कागदात लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय आजी," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या आणि साडेतीनची एसटी पकडायला गेल्या.

बार रूममध्ये येऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी निकालपत्र वाचलेलंच नाही. कोर्टानं फक्त शेवटचा हुकूम वाचून दाखवला होता. आजींना मी जे ठामपणे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाकला आणि घरी आले. त्या रात्री मला ॲल्बियन टूर्झे हा अमेरिकन वकील आठवला.

या माणसाचं नाव मला कॉलेजात कळलं नव्हतं. आपल्या घटनेतलं कलम १४, म्हणजे कायद्यापुढची समानता, शिकवताना सरांनी अमेरिकेतल्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्याचा उल्लेख केला होता, १८९६ चा, 'वेगळे पण समान' हे तत्त्व, म्हणजे सोयी समान असतील तर काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवता येतं हे, कायदेशीर ठरवणारा. निकाल कोणी लिहिला, विरोधी मत कोणाचं होतं, हे वहीत उतरवून घेतलं. प्लेसीच्या बाजूनं उभं कोण होतं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. वकिली सुरू झाली, चार खटले हरले, तेव्हा तो प्रश्न पडला. मग शोधत गेले आणि हा माणूस सापडला.

टूर्झे १८३८ साली ओहायोत जन्मला. चौदाव्या वर्षी एका अपघातात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. गुलामीच्या प्रश्नावरून अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं तेव्हा तो न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला शिकत होता. पुस्तकं बाजूला ठेवून तो उत्तरेच्या फौजेत भरती झाला. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या पहिल्याच मोठ्या लढाईत उत्तरेची दाणादाण उडाली आणि त्या पळापळीत एका तोफगाड्याचं चाक त्याच्या पाठीवर आदळलं. काही काळ कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. पाठीचं ते दुखणं जन्मभर गेलं नाही. बरं वाटल्यावर हा माणूस पुन्हा भरती झाला, या वेळी ओहायोच्या पलटणीत लेफ्टनंट म्हणून. पेरिव्हिलच्या लढाईत पुन्हा जखमी, १८६३ च्या जानेवारीत शत्रूच्या हाती लागला, सुमारे चार महिने कैदेत काढले. सुटून आल्या आल्या मे महिन्यात त्यानं एमा किलबोर्नशी लग्न केलं. पुन्हा रणांगणावर गेला, त्या वर्षाच्या शेवटी फौज सोडली आणि पुढच्या वर्षी वकिलीची सनद घेतली.

एमाबद्दल इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. नवऱ्याची हस्तलिखितं, पत्रव्यवहार, देणी आणि दुखणी हे सगळं तिनं चाळीस वर्षं सांभाळलं. त्याच्या प्रत्येक मोठ्या पावलाची किंमत घरात तिनं मोजली.

युद्ध संपल्यावर १८६५ च्या शरद ऋतूत दोघं दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला जाऊन राहिली. त्याच्या प्रकृतीला उबदार हवा हवी होती, आणि रोपवाटिकेचा धंदा करायचा बेत होता. धंदा बुडाला. पण तोवर तो गावातल्या नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या बाजूनं बोलू लागला होता. उत्तरेतून असे जे कोणी आले त्यांना दक्षिणेत 'कार्पेटबॅगर' म्हणत, म्हणजे सतरंजीच्या कापडाची पिशवी खांद्याला लावून लुटायला आलेले उपरे. टूर्झेला ही शिवी आयुष्यभर ऐकावी लागली.

१८६८ साली राज्याची नवी घटना लिहायला जी परिषद बसली तिच्यात तो निवडून गेला. तीस वर्षांचासुद्धा झाला नव्हता. चाबकाचे फटके आणि डागणी या शिक्षा त्या घटनेनं रद्द केल्या, पदासाठी मालमत्तेची अट काढली, सरकारी शाळांची तरतूद केली. पुढे राज्याची दिवाणी प्रक्रिया संहिता तयार करणाऱ्या तिघांत तो होता. दाव्यांचे जुने इंग्रजी प्रकार, प्रत्येकाचा वेगळा साचा, एक शब्द चुकला की दावा बाद, हे सगळं मोडून एकच साधा 'दिवाणी दावा' त्यांनी आणला. रोज आपली १९०८ ची दिवाणी संहिता उघडणाऱ्या माझ्यासारखीला या कामाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही. ज्याला वकील परवडत नाही त्याचा दावा तांत्रिक चुकीवर मरतो, हे मी दर आठवड्याला बघते. टूर्झेला उपरा म्हणून हिणवणाऱ्या लोकांनीही ती संहिता मात्र ठेवून घेतली.

१८६८ ते १८७४ तो सुपिरियर कोर्टाचा न्यायाधीश होता. आठ परगण्यांत फिरून न्याय द्यायचा. त्याच वर्षांत तिथे कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणारी गुप्त संघटना, रात्रीची फिरत होती. फेब्रुवारी १८७० मध्ये ग्रॅहम गावात वायट आउटलॉ या काळ्या नेत्याला घरातून ओढून आणलं आणि कोर्टासमोरच्या झाडाला फाशी दिलं. झाड कोर्टासमोरचं निवडलं होतं, हे विसरता येत नाही. आणि मे महिन्यात यान्सीव्हिलला जे घडलं ते तर कोर्टाच्या आत घडलं.

जॉन वॉल्टर स्टीफन्स हा गोरा माणूस, राज्याच्या सिनेटचा सभासद, टूर्झेचा मित्र. २१ मे १८७० ला कोर्टाच्या इमारतीत विरोधी पक्षाची सभा चालू होती. वर भाषणं चालू असताना स्टीफन्सला बोलायच्या निमित्तानं तळमजल्यावरच्या एका खोलीत नेलं. गळ्यात दोर घातला, सुरे भोसकले आणि प्रेत सरपणाच्या ढिगावर टाकून दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शोधत आलेल्यांना ते दिसलं. कोणाला शिक्षा झाली नाही. जॉन ली नावाच्या क्लॅनच्या म्होरक्यानं १९१९ साली कबुलीजबाब लिहून दिला, पण आपण मरेपर्यंत तो उघडायचा नाही या अटीवर. १९३५ साली तो मेला तेव्हा कागद उघडला. कोण कोण होतं, कोणी काय केलं, सगळं त्यात होतं. पासष्ट वर्षं झाली होती.

ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कोर्टातली रेकॉर्ड रूम आली. तळमजला, लाकडी मांडण्या, लाल फडक्यात बांधलेल्या फायली. न्यायाच्या इमारतीत असा खून पडावा आणि दुसऱ्या दिवशी वर पुन्हा पुकारे सुरू व्हावेत! टूर्झेनं मित्र गेल्यावर एका सिनेटरला पत्र लिहिलं आणि आपल्या भागातल्या खुनांचा, मारहाणींचा, जाळपोळींचा हिशोब मांडला. खाजगी पत्र होतं, पण ते त्याला न विचारता न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापलं गेलं. बायको गरोदर, गावात उघड धमक्या. तरी तो खुर्चीवर बसत राहिला. क्लॅनच्या माणसांवर आरोपपत्रं निघाली. मग १८७३ साली राज्याच्या विधिमंडळानं माफीचा कायदा केला आणि ते खटले विरून गेले.

१८७३. हे साल वाचलं की मराठी माणसाला दुसरं काहीतरी आठवतं. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना परम प्रीतीनं नजर केलं, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवताना निरपेक्ष परोपकारबुद्धी दाखवली. शाळेत ही अर्पणपत्रिका वाचली तेव्हा 'सदाचारी लोक' म्हणजे कोणीतरी दूरचे, सगळं काम संपवून स्वस्थ बसलेले लोक असं वाटायचं. आता वाटतं, जोतीरावांनी नजर केलेलं ते पुस्तक ज्यांना उद्देशून होतं त्यांतला एक त्या क्षणी ग्रीन्सबरोत आपल्यासमोरचे खटले विरघळताना पाहत होता. जोतीरावांना त्याचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, त्यालाही यांचं नाही. पण ती नजर योग्य हातांत जाणारी होती.

१८७९ मध्ये टूर्झेनं दक्षिण सोडली. जाता जाता एक कादंबरी लिहिली, 'अ फूल्स एरंड'. वेड्याची खटपट म्हणा. लेखकाच्या नावाच्या जागी 'वेड्यांपैकी एक' असं होतं. लाखावर प्रती खपल्या. त्या पैशातून न्यूयॉर्क राज्यात, शटॉक्वा परगण्यातल्या मेव्हिल गावात घर घेतलं आणि त्याला 'थॉरहाइम' असं जर्मन वळणाचं नाव दिलं, त्याचा अर्थही वेड्याचं घर. मग एक साप्ताहिक काढलं, ते बुडालं आणि सगळे पैसे घेऊन बुडालं. कर्ज फेडायला स्तंभ, व्याख्यानं, आणखी कादंबऱ्या. शिकागोच्या 'इंटर ओशन' या वर्तमानपत्रात तो दर आठवड्याला झुंडबळींविरुद्ध, वंशभेदाविरुद्ध लिहायचा आणि काळ्या वस्त्यांत ते अंक हातोहात फिरायचे.

तो स्तंभ वाचूनच न्यू ऑर्लीन्सच्या माणसांनी त्याला गाठलं.

१८९० साली लुइझियानानं कायदा केला होता की रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा. तिथल्या काळ्या आणि मिश्रवंशीय नागरिकांनी समिती काढली, वर्गणी गोळा केली, आणि कायद्याला कोर्टात खेचायचं ठरवलं. या समितीतले लुई मार्टिने वकीलही होते आणि एका वर्तमानपत्राचे संपादकही. टूर्झेनं प्रमुख वकील म्हणून काम घेतलं आणि फी घेणार नाही असं कळवलं. त्या वेळी त्याच्या स्वतःच्या घरावर कर्ज होतं.

७ जून १८९२ चा प्रसंग सगळा ठरवून घडवलेला होता. होमर प्लेसी, पेशानं जोडे बनवणारा, तिशीच्या आसपासचा. आठ पणजा-पणज्यांपैकी एक काळी, दिसायला पूर्ण गोरा. पहिल्या वर्गाचं तिकीट काढून तो प्रेस स्ट्रीटच्या स्टेशनवर गाडीत चढला आणि गोऱ्यांच्या डब्यात बसला. कंडक्टरनं विचारलं, तू काळा आहेस का? हो म्हणाला. मग तिकडे जा. नाही जाणार. समितीनंच नेमलेल्या खाजगी गुप्तहेरानं त्याला खाली उतरवून अटक केली, म्हणजे अटक नेमकी याच कायद्याखाली होईल, दंगा केला वगैरे कलमं लागणार नाहीत. रेल्वे कंपनीलाही आतून माहीत होतं. जादा डबे ओढायचा खर्च त्यांनाही नको होता.

गोरा दिसणारा माणूस निवडायचा आग्रह टूर्झेचाच होता. वकील म्हणून मला तो कळतो. कंडक्टरला डोळ्यांनी जे दिसत नाही ते कायदा त्याला ठरवायला सांगतो, हा केवढा वेडेपणा, हे प्लेसीच्या नुसत्या उभं राहण्यानं सिद्ध होत होतं. शिवाय गोरा समजला जाण्याची प्रतिष्ठा ही त्या समाजात मालमत्ताच आहे आणि राज्य ती रीतसर प्रक्रियेशिवाय हिरावतंय, असाही एक मुद्दा त्यानं घेतला होता. पण माणूस म्हणून माझ्या मनाला तो टोचतो. ज्या बाईच्या रंगाबद्दल कंडक्टरला एकही प्रश्न विचारावा लागला नसता, तिचा अपमान या खटल्यात आडून आला, समोरून आला नाही. त्या काळातही हा आक्षेप घेणारे होते. हुशार मुद्दा आणि खरं दुःख यांत निवड करायची वेळ मीही अनुभवली आहे, आणि दर वेळी मुद्दाच निवडला आहे.

१८९३ मध्ये टूर्झेनं सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींची मोजदाद केली आणि न्यू ऑर्लीन्सला कळवलं की आपल्या बाजूनं जेमतेम एक दिसतो. बाकीच्यांतल्या काहींचं मत प्रलयापर्यंत बदलणार नाही. म्हणून घाई नको, तोवर लोकमत तयार करू. यात त्याची सगळी व्यथा आहे. हरणाऱ्या पथदर्शी खटल्याइतकं घातक काही नाही. आजी हरल्या तर एक पाणंद गेली. हा खटला हरला तर लाखो माणसांच्या मानेवर निवाडा बसणार होता. ते त्याला पुरतं ठाऊक होतं आणि मागे फिरायची वाटही उरली नव्हती.

१३ एप्रिल १८९६ ला वॉशिंग्टनमध्ये युक्तिवाद झाला. त्याचा लेखी युक्तिवाद मी दोन-तीनदा वाचला आहे. कायद्यात एक अपवाद होता, गोऱ्या मुलाला सांभाळणारी काळी दाई गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते. टूर्झे तिथेच बोट ठेवतो. म्हणजे जवळ बसण्यानं काही बिघडत नाही तर. मोलकरीण म्हणून बसली तर चालते, बरोबरीची नागरिक म्हणून बसली तर गुन्हा. पुढे तो थेट न्यायमूर्तींना सांगतो, समजा उद्या सकाळी आपण सगळे काळी कातडी आणि कुरळे केस घेऊन जागे झालात आणि गाडीत चढलात, तर हा कायदा आपल्याला कसा वाटेल? आणि मग ते वाक्य: न्यायदेवतेचं चित्र आंधळं काढतात, तर तिची लेक, कायदा, निदान रंगांधळी तरी असावी. हे एका डोळ्यानं जग पाहिलेल्या माणसानं लिहिलं आहे.

१८ मे ला निकाल लागला. सात विरुद्ध एक. न्यायमूर्ती ब्राउन यांनी लिहिलं, वेगळा डबा म्हणजे कमीपणाचा शिक्का असं काळ्या लोकांना वाटत असेल तर तो कायद्याचा दोष नाही, तेच तसा अर्थ लावतात. तुम्हीच मनाला लावून घेता. हे वाक्य माझ्या ओळखीच्या किती माणसांना किती वेळा ऐकवलं गेलंय. ते देशाच्या सर्वोच्च निकालपत्रात सापडेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. एकटे हार्लन विरोधात गेले. हार्लन केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या विरोधी मतात ते प्रसिद्ध वाक्य आहे की आमची राज्यघटना रंगांधळी आहे. शब्द कुठून आला हे युक्तिवाद वाचलेल्याला विचारावं लागत नाही, पण त्या वाक्याखाली टूर्झेचं नाव नाही.

पुढच्या जानेवारीत प्लेसीनं गुन्हा कबूल केला आणि पंचवीस डॉलर दंड भरला. समिती बरखास्त झाली, पण आधी तिनं जमाखर्च छापला, उरलेली वर्गणी गावातल्या धर्मादाय संस्थांना वाटली, आणि लिहून ठेवलं की आमची बाजू खरी होती असं आम्ही अजूनही मानतो. १८९७ मध्ये टूर्झेला फ्रान्समध्ये बोर्दोला वकिलातीत नेमणूक मिळाली. थकला होता, पैसा नव्हता. तिथेच २१ मे १९०५ ला तो गेला. स्टीफन्सचा खून झाला ती हीच तारीख. अस्थी एमानं मेव्हिलला आणल्या.

मेव्हिलच्या त्या शटॉक्वा परगण्यातच पुढे रॉबर्ट जॅक्सन नावाचा एक मुलगा वाढला, जेम्सटाउनला वकिली करू लागला आणि चढत चढत सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. १९५० साली त्यांनी एका पत्रात लिहिलं आहे की मी इथे दाखल असलेला टूर्झेचा जुना युक्तिवाद काढून वाचला, आणि आज मांडला जाणारा असा कोणताही मुद्दा नाही जो त्यानं मांडला नसता. चार वर्षांनी, १७ मे १९५४ ला, 'वेगळे पण समान' हे तत्त्व शाळांपुरतं त्याच न्यायालयानं एकमतानं मोडीत काढलं. जॅक्सनना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, ते रुग्णालयात होते. तिथून उठून ते त्या सकाळी आपल्या खुर्चीवर येऊन बसले.

अठ्ठावन्न वर्षं. मधल्या काळात वेगळ्या डब्यात बसून मेलेल्या माणसांना त्या फायलीचा काही उपयोग झाला नाही, हेही खरंच आहे.

आजींच्या निकालाची नक्कल गुरुवारी हातात आली. बारा पानं आहेत. त्यांची साक्ष सातव्या पानावर आहे, परिच्छेद चौदा. सासऱ्यांची गाडी, आंब्याचं झाड, पावसाळ्यात वाटेवर टाकलेला मुरूम, सगळं आहे. कोर्टानं ते पुरेसं मानलं नाही, हे पुढच्याच ओळीत आहे. रविवारी गावी जाऊन त्यांना दोन्ही वाचून दाखवणार आहे.